धबधब्याला निघण्याआधी घाटावरचा पाऊस विचारा

भटकंती : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मे महिन्यात आमच्याकडे सगळे प्रश्न आंब्याचे आणि समुद्राचे असतात, आणि पहिला पाऊस पडला रे पडला की सगळ्यांना धबधबा हवा असतो. या वेळी एवढी पत्रं आणि मेसेज एकाच विषयावर आलेत की बाकीचं सगळं पुढच्या अंकाला ठेवलंय. मी संगमेश्वर तालुक्यातला, घाटाच्या पायथ्याशी वाढलेला माणूस आहे, त्यामुळे हा विषय माझ्या मनाजवळचा आहे आणि काळजीचाही, म्हणून काही उत्तरं जरा लांबली आहेत.

प्रश्न : आम्ही आठ जण आहोत, त्यात सासूबाई चौसष्ट वर्षांच्या, मुलं सात आणि अकरा वर्षांची. जुलैच्या तिसऱ्या शनिवारी देवरूखजवळ नातेवाइकांकडे येतोय. रविवारी मार्लेश्वरला जायचं, थोडं जंगलातून चालायचं, धबधब्यात भिजायचं आणि रात्रीच्या गाडीने परत डोंबिवली, सोमवारी ऑफिस. जमेल ना? प्लॅन करून द्याल का? (एक वाचक, डोंबिवली)

ताई, जागा अगदी छान निवडलीत. मार्लेश्वर म्हणजे सह्याद्रीच्या पोटातलं गुहेतलं शंकराचं देऊळ, आत विजेचा दिवा नाही, समयांच्या उजेडात दर्शन, आणि बाहेर आलं की समोर कड्यावरून कोसळणारा धारेश्वर धबधबा. देवरूखहून साधारण अठरा किलोमीटर. गाडी पायथ्यापर्यंत जाते आणि तिथून पाचशेच्या घरात पायऱ्या आहेत, सासूबाईंना थांबत थांबत चढता येतील, घाई फक्त करू नका. संक्रांतीला इथे मार्लेश्वर आणि गिरिजादेवीचं लग्न लागतं तेव्हा पाय ठेवायला जागा नसते, पण जुलैतल्या रविवारीही गर्दी असतेच, म्हणून सकाळी सातच्या आत पायथ्याला पोचा. मुलांना जंगलातून चालवायचं असेल तर वेगळी वाट शोधत बसू नका, शेवटचे दोन-तीन किलोमीटर गाडीतून उतरून रस्त्याने चाला. दोन्ही बाजूला भाताची खाचरं, लावणी चाललेली असते, मुलं शहरातली असतील तर त्यांना चिखलात वाकून रोपं लावणारी माणसं बघायला मिळतील आणि ती देवळाइतकीच त्यांच्या लक्षात राहतील.

आता तुमच्या प्लॅनमधल्या दोन गोष्टी मला बदलायच्या आहेत.

पहिली म्हणजे रात्रीची परतीची गाडी. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं टाइमटेबल वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात, एखादी दरड आली तर तासन् तास थांबतात, रस्त्याचंही तेच. सोमवारी ऑफिस गाठायचंय या विचाराने माणूस नको त्या वेळी नको तो पऱ्या, म्हणजे ओढा, ओलांडतो, अपघात इथेच होतात. सोमवारची रजा टाका. ते अजिबात जमत नसेल तर शनिवारी सकाळीच पोचा, दादरहून मध्यरात्री सुटणारी तुतारी एक्सप्रेस सकाळी संगमेश्वर रोडला सोडते, शनिवारीच मार्लेश्वर करा आणि रविवार परतीला मोकळा ठेवा. मला तर हेच जास्त आवडेल, शनिवारी गर्दीही कमी.

दुसरी गोष्ट म्हणजे धबधब्यात भिजणं. धारेश्वर बघायचा, त्याच्याखाली जायचं नाही. वरून पाण्याबरोबर दगड येतात आणि ते खालून दिसत नाहीत, कारण सगळं पांढरं असतं. आणि पायथ्याच्या डोहात जो फेस असतो ना, त्यात हवा मिसळलेली असते, तिथे पाणी माणसाला नेहमीसारखं उचलून धरत नाही, पोहता येणारी माणसंही तिथेच बुडतात. "मला पोहता येतं" हे वाक्य धबधब्यापाशी काही कामाचं नाही. मुलांना भिजायचंच आहे तर पाऊस आहे की, पायऱ्यांवर भिजू द्या, मनसोक्त.

वेळेचा हिशेब असा करा. डोंगरात चालणारे एक जुना ठोकताळा वापरतात, सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास आणि चढाईच्या दर सहाशे मीटरला आणखी एक तास. हा झाला कोरड्या वाटेवरच्या धडधाकट माणसाचा हिशेब. पावसात, मुलं आणि आजी बरोबर असताना दीडपट धरा, त्यात खाणंपिणं आणि फोटो वेगळे. आणि मग एक वेळ पक्की करा, समजा दुपारी साडेबारा, की कुठेही असलो तरी तिथून मागे फिरायचं. जुलैत सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो हे खरं, पण ढग आणि झाडी मिळून सहालाच अंधारून येतं आणि दुपारनंतर पाऊस वाढला की उतरताना त्याच पायऱ्यांना दुप्पट वेळ लागतो.

आणि शुक्रवारी रात्री हवामान खात्याचा अंदाज बघायचाच. पण इथे बहुतेक लोक फक्त रत्नागिरी जिल्हा बघतात. मार्लेश्वरच्या डोक्यावर जो डोंगर आहे त्याच्या पलीकडे घाटमाथा आहे, तुमच्या अंगावर येणारं पाणी तिथे पडलेलं असतं. म्हणून रत्नागिरीबरोबर कोल्हापूर घाट आणि सातारा घाट यांचा अंदाजही बघा, हवामान खातं घाटभागाचा वेगळा देतं. पिवळा इशारा असेल तर सावधपणे जा, कुठेही ऑरेंज किंवा रेड असेल तर त्या दिवशी देवरूखमध्ये नातेवाइकांकडे बसून घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ खा, मार्लेश्वर कुठे जात नाही.

प्रश्न : आम्ही सहा मित्र पुण्याहून देवकुंड धबधब्याला यायचं म्हणतोय. तिथे पावसाळ्यात बंदी असते असं वाचलं, पण एक जण म्हणतो पैसे दिले की मागच्या वाटेने नेतात. खरं आहे का? (एक विद्यार्थी, पुणे)

जाऊ नका, मित्रांनो. मागच्या वाटेने नेणारा माणूस तुम्हाला परत आणेलच याची खात्री तोसुद्धा देत नाही, आणि ओढा चढला की तो एकटा निघून जातो, त्याला वाट पाठ असते.

बंदी का असते ते सांगतो, म्हणजे उगाच पोलिसांवर राग धरणार नाही. पायथ्याच्या भिरा गावाहून देवकुंडला जाताना वाटेत ओढे ओलांडावे लागतात. सकाळी जाताना पाणी घोट्याला असतं, तुम्ही पलीकडे दोन तास बसता, तेवढ्यात वर ताम्हिणी घाटाच्या बाजूला पाऊस कोसळतो आणि परत येताना तोच ओढा छातीला लागतो. मग तुम्ही पलीकडे अडकता, अंधार पडतो, फोनला रेंज नाही. याआधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली ही बंदी यायची, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या नवीन कायद्यातलं कलम १६३ लागतं, मोडली तर गुन्हा दाखल होतो. पण गुन्ह्याचं सोडा, गावातली जी पोरं दोर घेऊन रात्री तुम्हाला शोधायला पाण्यात उतरतात त्यांना कुणी पगार देत नाही, त्यांच्या घरीही कुणीतरी वाट बघत असतं.

माणगावजवळच्या कुंभे धबधब्यापाशी जुलै २०२४ मध्ये रील करताना एक तरुणी दरीत पडून गेली, त्याच्या आधी ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागे एकाच कुटुंबातली पाच माणसं काही मिनिटांत वाहून गेली. तो व्हिडिओ तुम्हीही बघितला असेल. सगळे एकमेकांना धरून उभे होते, आणि पाणी वाढतच गेलं.

देवकुंड बघायचाच आहे तर बंदी उठल्यावर, पाऊस ओसरल्यावर या, त्या दिवसांत डोहाचं पाणी निळंहिरवं दिसतं, फोटोही पावसाळ्यापेक्षा चांगले येतात. तेव्हाही डोहात उतरायचं नाही, काठावर बसायचं.

प्रश्न : मी शाळेत शिक्षिका आहे. सप्टेंबरमध्ये नववीच्या मुलांना जवळच्या एका धबधब्यापर्यंत चालत न्यायचा विचार आहे. पाणी वाढतंय हे आधी कसं ओळखायचं? मुलांना काय शिकवू? (रत्नागिरी)

बाई, हा प्रश्न विचारल्याबद्दल तुमचे मनापासून आभार. हे शाळेतच शिकवायला हवं.

आधी गणित करा वर्गात, मुलांना आवडेल. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस किलोमीटरवर पडला तर किती पाणी? हजार घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर. आता धबधब्याच्या वरचा डोंगर, ज्याचं पाणी त्या एका ओढ्यात उतरतं, तो समजा पाच चौरस किलोमीटरचा आहे आणि वर शंभर मिलिमीटर पाऊस झाला. झाले पन्नास कोटी लिटर. हवामान खातं चोवीस तासांतल्या ६४.५ मिलिमीटरपासून पुढच्या पावसाला जोरदार म्हणतं आणि ११५.६ पासून पुढे अतिजोरदार, म्हणजे शंभर हा आपल्याकडे काही जगावेगळा आकडा नाही. रत्नागिरीतच वर्षाला साधारण तीन हजार तीनशे मिलिमीटर पडतो आणि आंबोलीला तर सात हजारांच्या पुढे. आपला कोकणपट्टा अरुंद, डोंगर सरळ उभा, खडकावर माती कमी, त्यामुळे ते पाणी जिरत नाही, मुरत नाही, थेट खाली येतं. देशावरची नदी दोन दिवस आधी सांगून चढते, आपला पऱ्या अर्ध्या तासात चढतो.

आता ओळखायचं कसं. समजा तुम्ही ओढ्याच्या काठाला बसलाय, डोक्यावर ऊन आहे, पाणी नितळ, तळाचे गोटे दिसतायत. पहिल्यांदा पाण्यावरून एखाददुसरं हिरवं पान जातं. वाळलेलं नव्हे, हिरवं, म्हणजे वर कुठेतरी पाण्याने झाडोऱ्याला हात घातलाय. मग काटक्या, मग थोडा फेस काठाला धरायला लागतो. गोटे दिसेनासे होतात, पाणी फिकट चहासारखं होतं. आवाज बदलतो, खळखळ असते ती जाऊन एक खोल घरघर सुरू होते, ते वरून सरकणारे दगड असतात. यातलं पहिलं लक्षण दिसलं की उठायचं, दुसऱ्याची वाट बघायची नाही. मुलांना एक सोपं काम द्या, बसल्या जागी काठावरच्या एका दगडाला पाण्याच्या रेषेवर खडूने खूण करायची आणि दर दहा मिनिटांनी एकाने जाऊन बघून यायचं. खूण बुडाली की सगळे वर. हे ज्याच्यावर सोपवाल ना, तो मुलगा जन्मभर कुठल्याही ओढ्यावर गेला तरी आधी काठाकडे बघेल.

आमच्याकडे लावणीच्या दिवसांत बायका खाचरात वाकलेल्या असतात, एकीकडे गप्पा चाललेल्या, पण कान पऱ्याकडे असतो. एका आजींनी मला साकवावर, म्हणजे पऱ्यावरच्या लाकडी पुलावर, पाय ठेवायच्या आधी हाक मारून अडवलं होतं, "वायच थांबा, वर पाऊस फुटलाय." वर तर निळं आभाळ होतं. मी थांबलो, आणि थोड्याच वेळात साकवाच्या लाकडांना खालून पाणी लागायला लागलं. त्यांना ते पाण्याच्या आवाजावरून कळलं होतं. म्हणून मुलांना घेऊन जाताना त्या वाडीतलं एक जाणतं माणूस बरोबर घ्याच, त्याला मानधन द्या, आणि तो "नको" म्हणाला की वाद न घालता मागे फिरा.

ओढा ओलांडायचा तर गुडघ्याच्या खालीच, आणि वेगाने वाहणारं गुडघाभर पाणीसुद्धा मोठ्या माणसाला आडवं करतं हे लक्षात ठेवून. पात्र अरुंद असतं तिथे पाणी खोल आणि जोराचं असतं, पसरट जागा निवडायची. सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडून ठेवायचे, म्हणजे पडलो तर सॅक टाकून देता येते. धबधब्याच्या वरच्या बाजूला, जिथून पाणी खाली पडतं तिथे तर कुणालाच जाऊ द्यायचं नाही, शिक्षकांनाही नाही.

सप्टेंबरअखेरीला परतीचा पाऊस सुरू झाला की दुपारी तीननंतर विजांचं वादळ येतं. आपले सडे म्हणजे उघडे माळ, त्यावर आसरा नाही. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागा, तेवढे किलोमीटर ती लांब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर लगेच सड्यावरून खाली उतरा, झाडाखाली थांबू नका. मोबाइलवर दामिनी ॲप घेऊन ठेवा, विजेची सूचना देतं. पण सगळ्यात बरं म्हणजे दुपारी एकपर्यंत शाळेत परत.

प्रश्न : बूट कुठले घालू? आणि जळवा आणि साप यांची मला फार भीती वाटते, त्यामुळे दरवर्षी बेत रद्द होतो. (दादर)

बुटाचा तळ बघा, ब्रँड बघू नका. तळाला खोल खाचा हव्यात आणि रबर मऊ हवं, नखाने दाबलं तर थोडं दबायला हवं. गुळगुळीत झालेले जुने स्पोर्ट्स शूज आणि चप्पल दोन्ही नकोत. आपल्याकडचा जांभा दगड खडबडीत असतो, त्यावर पाय धरतो, पण ओढ्यातला काळा कातळ वेगळा. त्यावर हिरवं शेवाळ असेल तर ते दिसतं तरी, खरा धोका काळ्या चकचकीत थराचा, तो ओल्या दगडाच्या रंगात मिसळून जातो आणि त्यावर कुठलाच बूट टिकत नाही. पाण्यातल्या दगडाच्या माथ्यावर पाय टाकण्यापेक्षा दोन दगडांच्या मधे वाळूत टाका, बूट भिजू देत. हातात काठी असली की तिसरा पाय मिळतो. आणि दोन जोड मोजे, एक कोरडा गाडीत.

जळवांची भीती सोडा, त्या काही करत नाहीत. पॅंट मोज्यात खोचा, मोज्यांवर मीठ किंवा हळद-तंबाखूचं पाणी लावून घ्या. जळू लागलीच तर नखाने बाजूला सरकवून काढा, जाळू नका, ओढू नका. सुटल्यावर रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, घाबरायचं नाही, स्वच्छ धुऊन दाबून धरायचं.

सापाचं मात्र नीट ऐका. आपल्याकडे कातळावर आणि दगडांच्या फटीत फुरसं असतं, विषारी, छोटंसं, दगडाच्याच रंगाचं. हात टेकताना, बसताना, दगड उचलताना आधी बघायचं, एवढं पाळलं तरी बरंच झालं. साप चावलाच तर कापणं, चोखणं, दोरीने आवळून बांधणं काहीही करू नका. माणसाला बसवा, चावलेला पाय हलणार नाही असा काठीला सैल बांधून स्थिर ठेवा, चालवू नका, उचलून न्या, आणि १०८ ला फोन करून सरळ सरकारी रुग्णालय गाठा, विषावरची लस तिथेच मिळते. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण सांगतो. पायाला जखम असेल आणि शेतातल्या पाण्यातून चालणं झालं असेल तर लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, धोका असतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना "मी पाण्यातून चाललो होतो" हे आवर्जून सांगा. औषध आहे, उशीर नको.

प्रश्न : गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, वय सहासष्ट. चढणं बंद. आम्ही धबधबे बघायचेच नाहीत का? (ठाणे)

काका, बघायचे की! कोकण रेल्वेने दिवसाउजेडी रत्नागिरीकडे या आणि उक्षीच्या आसपास खिडकी सोडू नका, रानपाटचा धबधबा गाडीतूनच दिसतो, क्षणभरच, पण मन भरतं. चिपळूणजवळ परशुराम घाटाशी सवतसडा आहे, तो हायवेवरून दिसतो. रत्नागिरीकडे निवळीचा आहे, तोही रस्त्यावरूनच. सिंधुदुर्गात कणकवलीजवळ सावडाव, पसरट आहे, नातवंडांना घेऊन जाण्यासारखा. आणि वैभववाडीजवळचा नापणे, तो बारमाही आहे, म्हणजे तुम्हाला पावसात यायचीही गरज नाही, नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत आरामात या. तिथे आता काचेचा पूलही झालाय.

प्रश्न : ऑगस्टमध्ये गुहागरला समुद्राजवळ चार दिवस राहणार आहोत. त्यातला एक दिवस चिपळूणकडे धबधबा आणि थोडा ट्रेक असा ठेवायचाय. कुठला दिवस ठेवू? (नाशिक)

हा प्रश्न मला फार आवडला, कारण बाहेरून येणारे लोक समुद्र आणि डोंगर वेगवेगळे धरतात आणि आपल्याकडे ते वेगळे नाहीतच. घाटावर पडलेलं पाणी नदीने खाली येतं, आणि समुद्राला भरती असेल तर खाडीत ते अडतं, पुढे जायला जागाच नसते. मग ते बाजारपेठेत शिरतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीने जे केलं ते आम्ही कुणी विसरणार नाही, अख्खं शहर पाण्यात होतं.

म्हणून तुमच्या चार दिवसांत अमावास्या किंवा पौर्णिमा येत असेल तर ती आणि तिच्या पुढचे एक-दोन दिवस किनाऱ्यावर काढा, तेव्हा उधाणाची भरती असते आणि ती भर दुपारच्या सुमाराला येते. डोंगराचा दिवस अष्टमीच्या आसपास ठेवा. भरतीची वेळ काढायची आमच्या खारव्यांची आणि कोळ्यांची सोपी रीत आहे, तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला. पंधरावी तिथी असेल तर सव्वाअकरा. थोडं मागेपुढे होतं, पण बेत करायला पुरेसं आहे. कालनिर्णय भिंतीला असतोच सगळ्यांच्या.

त्या दिवशी पहाटे निघा, गुहागर-चिपळूण पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास आहे, सवतसडा सकाळी बघा, परशुरामाचं देऊळ करा, पाखाडीने, म्हणजे दगडी पायवाटेने, उतरत चाला, आणि चारच्या आत चिपळूण सोडा. जोराचा पाऊस लागून राहिला असेल तर चिपळूणला जाऊच नका. समुद्रात मात्र ऑगस्टमध्ये पाय भिजवण्यापलीकडे जायचं नाही.

प्रश्न : आमच्या गावचा धबधबा दोन वर्षांपूर्वी रीलमध्ये आला आणि तेव्हापासून शनिवार-रविवार नको झालाय. बाटल्या, गाणी, शेतात गाड्या. काही मुलं बुडता बुडता वाचली. पर्यटक नकोत असं नाही, चार पैसे मिळतात, पण हे असं नको. काय करावं? (लांजा तालुका)

दादा, तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. फुटलेली बाटली खाचरात येते आणि लावणीला उतरलेल्या बाईचा पाय कापतो, हे शहरातून येणाऱ्याला माहीतच नसतं.

ग्रामसभेत विषय घ्या आणि ठराव करून घ्या. गाड्या गावाच्या वेशीला थांबवायच्या, पार्किंगची पावती ग्रामपंचायतीची, पुढे चालत. नुसतं एवढं केलं तरी निम्मा धिंगाणा कमी होतो, कारण दारूचे क्रेट आणि मोठे स्पीकर उचलून कुणी दोन किलोमीटर चालत नाही. दुपारी तीननंतर वर सोडायचं नाही. गावातल्या चार-पाच मुलामुलींना वाटाड्या म्हणून नेमा, त्यांना दोर, शिट्टी आणि प्रथमोपचाराचं शिक्षण द्या, तालुक्यातले गिर्यारोहक हे आनंदाने शिकवतात. जागा वनखात्याची असेल तर संयुक्त वनव्यवस्थापन समितीमार्फत करा, म्हणजे पावती फाडायला अधिकार राहतो. पाणी चढण्याची जागा असेल तिथे खांबाला लाल रेषा मारा, "पाणी इथे आलं की पलीकडे जाऊ नये" असं मोठ्या अक्षरात. पोलीस पाटलांचा नंबर आणि ११२ तिथेच लिहा, आणि रेंज कुठे मिळते तेही लिहा, याचा फार उपयोग होतो.

आणि बचत गटातल्या बायकांना जेवणाचं काम द्या. डबा गावातून घेतला की पाकिटं येत नाहीत.

प्रश्न : खरं सांगा, एकच रविवार मिळणार असेल तर कुठला निवडू? आणि जेवणाचं काय? (वाशी)

गणपती झाल्यानंतरचा, सप्टेंबरमधला. ताई, हे मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगतोय आणि लोक तरी जुलैतच येतात. जुलैत धबधबा मोठा असतो पण दिसत नाही, धुकं आणि पाऊस, छत्रीतून काय बघणार. नारळी पौर्णिमेनंतर पावसाला उघडीप मिळायला लागते, पाणी भरपूर असतं पण गढूळ नसतं, आणि ऊन पडलं की कड्याला इंद्रधनुष्य लागतं. सड्यांवर तेव्हा फुलं असतात, तेरडा गुलाबी, सीतेची आसवं निळीजांभळी, गेंदाची पांढरी बोंडं, सगळा कातळ भरून जातो, पाय ठेवताना जपून ठेवा. भात पोटरीला आलेलं असतं. या दिवसांत चालण्याची जी मजा आहे ती जुलैच्या चिखलात नाही. अंदाज मात्र तेव्हाही बघायचाच, घाटाचा सुद्धा.

जेवण वाडीतल्या घरी सांगा. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, भात, असली तर भारंगी किंवा टाकळ्याची भाजी, आणि सोलकढी. हॉटेलसारखं ऐन वेळी मिळत नाही, चुलीवर करतात, म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळच्या आत फोन करून किती माणसं, किती वाजता ते सांगा, आणि त्याच फोनवर विचारून घ्या की आज पऱ्याला पाणी किती होतं.